वेणूची परीक्षा आणि मामंजींचा खोकला

"पोरगी पक्की हाये, वकीलसायब. पण माय कच्ची हाये."

बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा हे वाक्य माझ्या पाठीमागून आलं. बोलणारे सासऱ्यांचे कारकून, आमचे मुनशी. ऐकणारे माझे सासरे. माय म्हणजे मी.

मी पदर सारखा केला आणि पाण्याच्या रांजणाकडे पाहत राहिले.

"कच्ची म्हणजे?" मामंजींनी विचारलं.

"म्हंजे काही इचारलं का गोरीमोरी होते. आता गाडीत मी इचारलं, सूनबाई, डबा कुठी ठेवला? तं तिनं बोटानं दाखवला. मडमेपुढं बोट दाखवून कसं भागन?"

"बोट दाखवणं कागदावर येत नाही," मामंजी गंभीरपणे म्हणाले. "साक्षीदाराने तोंडाने बोललं पाहिजे."

आता आधी हे सांगते की आम्ही कोणत्याही खटल्यासाठी निघालो नव्हतो. आम्ही निघालो होतो माझ्या मुलीला शाळेत घालायला.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि दहा वर्षांच्या मुलीची आई होते. दुसरेपणावर दिलेल्या मुलींच्या बाबतीत हा चमत्कार नेहमी घडतो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. वेणूची आई ती सहा वर्षांची असताना गेली. ती आठ वर्षांची झाली तेव्हा मी जबलपूरहून अकोल्याला, जठारपेठेतल्या घरात आले. वेणूचे वडील नागपूरला सरकारी नोकरीत होते आणि सणासुदीला घरी येत. एरवी घरात सासूबाई, मामंजी, वेणू आणि मी. वेणू मला कशानेच हाक मारत नसे. काम असलं की ती समोर येऊन उभी राही आणि मी वर पाहीपर्यंत थांबे. (मीही तशीच. त्यामुळे कधीकधी आम्ही दोघी एकमेकींसमोर बराच वेळ उभ्या असू.)

अमरावतीला कॅम्पात एका मडमेची मुलींची शाळा होती. तिथे राहायची सोय होती, इंग्रजी शिकवत, आणि जागा इतक्या थोड्या की वऱ्हाडातल्या निम्म्या मुली परीक्षा देऊन रडत घरी परत येत. वेणूला तिथे जायचं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण मामंजींच्या टेबलावर शाळेचा कागद आला तेव्हा तिने दिवसभरात त्या टेबलाची धूळ इतक्या वेळा झटकली की सासूबाईंना तिच्या प्रकृतीची काळजी वाटली.

मामंजींनी निकाल दिला, "एकदा बसू दे. मिळालं तर अमरावती. नाही मिळालं तर दर्यापूर."

दर्यापूरला शाळा नव्हती. दर्यापूरला एक स्थळ होतं. घराणं चांगलं, जमीन काळी, मुलगा चौदाचा. त्यांच्याकडून दोनदा विचारणा झाली होती.

परीक्षेचे दोन भाग होते. सकाळी लेखी, मराठी आणि गणित. दुपारी मुख्य बाई मुलीशी बोलणार, आणि त्या वेळी मुलीची आई बरोबर हवी. पुरुषांना आत मज्जाव.

"लेखीची मला चिंता नाही," मामंजी म्हणाले. "धोका तोंडीत आहे. एकजण विचारणार, एकजण उत्तर देणार. म्हणजे कोर्टच! फक्त न्यायाधीश आणि विरुद्ध बाजूचा वकील ही एकच व्यक्ती आहे, ते वाईट आहे. आणि आपल्या बाजूने वकील नाही, ते त्याहून वाईट."

मामंजींचं अकोल्याच्या कोर्टात एका गोष्टीसाठी नाव होतं. त्यांचा साक्षीदार फुटत नसे. आमच्या ओसरीवर उन्हाळ्यात जसे एका बाजूला पापड वाळत, तसे दुसऱ्या बाजूला साक्षीदार तयार होत. बांधाच्या भांडणातले पाटील येत, विहिरीच्या भांडणातले माळी येत, आणि महिन्याभरात असे कडक होऊन जात की समोरच्या वकिलाचे दात दुखत. आता त्या जागी माझी मुलगी उभी राहिली.

नियम चार होते. विचारलं तेवढंच सांगायचं. स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल तेच खरं म्हणायचं. रडायचं नाही. आणि प्रश्नात धोका वाटला तर "मला आठवत नाही."

मडमेचं काम मुनशींकडे होतं. ते डोक्यावरून उपरणं घेऊन खुर्चीत बसत आणि हातात छत्री धरत. (मडमा घरातसुद्धा छत्री धरतात अशी त्यांची ठाम समजूत होती.)

"काहून वं पोरी, तुह्या गावात नद्या किती?"

"मी पाहिली ती एक. मोर्णा."

"तिले पानी राह्यते?"

"मी पाहिली तेव्हा नव्हतं."

"प्रिथवी गोल हाये का चपटी?"

"मी सगळी पाहिलेली नाही."

"वा रे माही वाघीन!" मुनशी छत्री आपटून म्हणत, आणि मामंजी डोळे मिटून मान हलवत, जसं कोणी गाण्यातली जागा ऐकून हलवतं.

मी हे सगळं स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत होते आणि मला ते पटत नव्हतं. कारण त्या घरात असली परीक्षा दिलेली मी एकटीच होते. जबलपूरला मिशनच्या शाळेत मला घातलं तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं होतं, तुला मांजर आवडतं का? मी आमच्या मांजराविषयी बोलायला लागले ती पुढची मुलगी दाराशी येईपर्यंत. आयुष्यात एवढं मी नंतर कधी बोलले नाही. अशा बायांना उत्तर नको असतं, मूल कसं आहे ते पाहायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तोंड न उघडणारं मूल त्या घेत नाहीत, हेही ठाऊक होतं.

हे मामंजींना सांगायला हवं होतं. पण त्या घरात सुनेने सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. लागेल ते सासूबाईंमार्फत जाई, आणि सासूबाईंमार्फत मांजर पाठवणं मला जमेना. एका दुपारी निश्चय करून मी ताकाचा गडवा घेऊन ओसरीवर गेले. उभी राहिले. मामंजींनी वर पाहिलं.

"ठेव," ते म्हणाले.

मी ठेवला आणि आत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निश्चय केला, पुन्हा ताक नेलं. त्या महिन्यात मामंजींना ताक पुष्कळ मिळालं.

इकडे वेणूची तयारी घरभर पसरली. सासूबाईंनी विचारलं, "बेसनाचा लाडू कोणी खाल्ला?" वेणू म्हणाली, "खाताना कोणी पाहिलं?" सासूबाईंनी डब्याला कुलूप घातलं. तिचे डोळे लाल दिसले म्हणून मी धीर करून विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाली, "प्रश्न मोघम आहे." मी कपाळाला हात लावून पाहिला, चांगला चटका बसला. अंगात ताप असतानाही मुलगी फुटली नाही!

आणि मग एक दिवस, मी ओसरीच्या दारात (ताक घेऊन) उभी असताना, मुनशींनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं.

"अन् हे बाई तुही कोन?"

वेणूने माझ्याकडे पाहिलं. मग सरळ समोर बघत म्हणाली, "मी यांना दोन वर्षांपासून ओळखते."

मुनशींनी मांडीवर थाप मारली. मामंजी म्हणाले, "उत्तम. नातं विचारलं, ओळख सांगितली. फुकटचं काही दिलं नाही."

मी आत गेले आणि वरणाला दुसऱ्यांदा फोडणी दिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण मामंजींचा साक्षीदारावर कितीही विश्वास असला तरी ते त्याला एकटा सोडत नसत. त्यांची एक खूण होती. खोकला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना मामंजी खोकले की समजायचं, या प्रश्नात खड्डा आहे, "मला आठवत नाही" म्हणून बाजूला व्हायचं. सगळं कोर्ट त्यांना दमेकरी समजे आणि थंडीत त्यांच्यासाठी खिडक्या बंद करून घेई. छाती त्यांची उत्तम होती.

"पन आत मर्दाले मनाई हाये ना?" मुनशींनी विचारलं.

"आत," मामंजी म्हणाले. "खिडकीबाहेर मनाई असल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

अशा रीतीने आम्ही अमरावतीला पोचलो.

सकाळी वेणू पेपर देऊन बाहेर आली. "कसा गेला गं?" मामंजींनी विचारलं. "दिलेल्या वेळेत गेला," वेणू म्हणाली. मामंजींनी समाधानाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारी आमची पाळी आली. वैशाखातलं ऊन होतं, पण मुख्य बाईंच्या खोलीत गार अंधार होता. खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती आणि शाळेचा पाणक्या बाहेरून तिच्यावर थोड्या थोड्या वेळाने बादली मारत होता. ओल्या वाळ्याचा वास येत होता. बाई वयस्क होत्या, केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांची मराठी पुस्तकातून शिकलेली, आमच्यापेक्षा शुद्ध.

"या, बसा," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात वेणूचा पेपर होता. "मुली, तू नदीविषयी जे लिहिले आहेस, ते मला फार आवडले. तुझ्या आईनेही ते ऐकावे."

आणि त्यांनी वाचलं. उन्हाळ्यात मोर्णा आटते, तेव्हा आम्ही वाळूत झिरा खणतो. खणून झालं की गप्प बसून राहायचं. पाणी आपलं आपण वर येतं. घाई करून हात घातला तर गढूळ होतं.

मी वेणूकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. लेखीबद्दल मामंजींनी तिला काहीच बजावलं नव्हतं, त्यामुळे ती कागदावर बिनधास्त बोलली होती. मला वाटलं, झालं, जिंकलं आपण.

"आता मला सांग," बाई हसून म्हणाल्या, "तुझे नाव काय?"

त्याच क्षणी बाहेर पाणक्याने बादली मारली.

ताटीला अगदी कान लावून एक प्रतिष्ठित वकील उभे असतील, अशी त्या गरीब माणसाची कल्पना नव्हती. सगळं पाणी मामंजींच्या नाकातोंडात गेलं. आणि ज्या छातीने आयुष्यभर खोटा खोकला काढला, ती छाती खरंखुरं खोकायला लागली!

वेणू दचकली. तिने खिडकीकडे पाहिलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, मुलगी लाजते आहे. "बरे. तुझ्या गावाचे नाव?"

ख्खॉ, ख्खॉ, ख्खॉ.

"मला आठवत नाही."

"तुझे वडील काय करतात?"

बाहेरून मुनशींचा घाबरलेला आवाज आला, "पानी प्या, वकीलसायब, पानी प्या!" आणि मामंजींचा गुदमरलेला, "तेच प्यायलो, गाढवा!" आणि पुन्हा खोकला, पहिल्यापेक्षा मोठा.

"मला आठवत नाही," वेणू म्हणाली. नाव, गाव, वडील, या सगळ्यांत आजोबांना एवढा कसला खड्डा दिसतो आहे, हे तिला समजत नव्हतं. पण आजोबांचा साक्षीदार फुटत नसतो.

बाईंनी चष्मा काढला. त्यांनी पेपरकडे पाहिलं, वेणूकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझ्या वयाकडे. अर्जात माझी मिशनची शाळा लिहिलेली होती, तेव्हा वेणूला कळू नये म्हणून त्यांनी इंग्रजीत, हलक्या आवाजात मला विचारलं की या मुलीला घरात कोणाची भीती वाटते का? तिची स्वतःची आई हयात आहे का?

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. (ताकाचा गडवा असता तर पुढे केला असता.)

बाई पुन्हा वेणूकडे वळल्या. "बाळ, घाबरू नकोस. ही बाई तुझी कोण?"

बाहेर खोकला थांबायचं नाव घेत नव्हता.

वेणूने माझ्याकडे पाहिलं. तिची हनुवटी थरथरत होती. रडायचं नाही, हा नियम तिने पाळला. चौथाही पाळला.

"मला... आठवत नाही."

बाईंनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. घरात एवढी भेदरलेली मुलगी एकटी इथे ठेवता येणार नाही, त्या मला म्हणाल्या. तिला आधी माया मिळू दे. पुढच्या वर्षी पाहू.

पुढचं वर्ष नव्हतं. पुढच्या वर्षी दर्यापूर होतं.

मी उठले. माझी खुर्ची मागे पडली, ती उचलायचं मला सुचलं नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. हळू बोलायचं असं मी मनाशी ठरवलं होतं, पण आवाज दोन वर्षांचा साठलेला होता.

"मामंजी, खोकू नका!"

खोकला बंद झाला. मी तो बंद केला नसता तर मामंजींचा प्राणच बंद झाला असता असं मुनशी पुढे सांगत, पण ते असो. ताटीबाहेर बादली पडल्याचा आवाज आला आणि मुनशी म्हणाले, "अगा माय माय!"

मग मी बाईंना सांगितलं. इंग्रजीत, न थांबता. खिडकीबाहेर कोण आहे, ते काय करतात, त्यांचा साक्षीदार कसा फुटत नाही, खोकला म्हणजे काय, मुनशींची छत्री, पापड, पृथ्वी, लाडू, ताप, सगळं. दर्यापूरसुद्धा. मांजरानंतर एवढं मी पहिल्यांदाच बोलत होते. बाईंनी रुमाल काढून तोंडाला लावला. त्या बराच वेळ हलत होत्या. वेणूने त्यांच्याकडे धास्तावून पाहिलं. बाईंनाही खोकला येतो की काय, असं तिला वाटलं असावं.

"बरे," अखेर डोळे पुसत बाई म्हणाल्या. "आपण पुन्हा प्रथमपासून सुरुवात करू. मुली, तुझे नाव काय?"

वेणूने खिडकीकडे कान दिला. काही आलं नाही. तिने नाव सांगितलं. गाव सांगितलं. वडील सांगितले. मग कोणी न विचारता मोर्णेतल्या झिऱ्याला किती वेळ लागतो ते सांगितलं, लाडू तिनेच खाल्ला हे सांगितलं, आणि पृथ्वी गोल आहे हे मान्य केलं.

"आणि ही बाई?"

वेणू माझ्याकडे वळली. पडलेल्या खुर्चीकडे तिने पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"आई," ती म्हणाली.

"नक्की ना?"

"हो," वेणू म्हणाली. "मी आत्ता स्वतः डोळ्यांनी पाहिलं."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल डाकेने येईल, असं त्या नियमाप्रमाणे म्हणाल्या. मग दारापर्यंत पोचवताना म्हणाल्या की शाळा सुरू होताना दोन चादरी आणि एक घोंगडी आणावी. आजोबांना आणलं नाही तरी चालेल.

बाहेर निंबाखाली मामंजी उभे होते. पगडी भिजून बसली होती, धोतर पोटऱ्यांना चिकटलं होतं, आणि मिशांच्या टोकांवरून अजून थेंब पडत होते. मुनशी त्यांना छत्रीने वारा घालत होते. टांग्यात सगळे बाहेर पाहत बसले, गाडीतही तसेच. दोन वर्षांत सासऱ्यांशी बोललेलं माझं पहिलं वाक्य कोणतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ते कुठे ठेवावं हे कोणालाच कळत नव्हतं.

बडनेऱ्याला पुन्हा त्याच फलाटावर अकोल्याची गाडी पाहत बसलो. मुनशी पाण्याला गेले. मामंजींनी घसा साफ केला.

"मला आठ..." वेणू सवयीने म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

"सूनबाई," मामंजी म्हणाले. सरळ मला. सासूबाईंशिवाय. ते समोरच्या रुळांकडे पाहत होते. "अमरावतीत माझे पुष्कळ पक्षकार आहेत. गोष्ट अकोल्याच्या कोर्टापर्यंत यायला वेळ लागणार नाही. समज, कोणी तुला विचारलं. मुलींच्या शाळेच्या खिडकीला कान लावून जो माणूस उभा होता आणि खोकत होता, तो मीच होतो, असं तू शपथेवर सांगू शकशील?"

वेणूने माझा हात धरला. रांजणापाशी मुनशी पेला हातात तसाच धरून थांबले होते, माय कच्ची की पक्की ते ऐकायला.

मी पदराला हात लावला नाही. त्यांना तिथवर ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले,

"नाही, मामंजी. मध्ये ताटी होती."